रातराणीतली झोप

संध्याकाळचे सात-साडेसात वाजले की बोरिवलीला नॅन्सी कॉलनीतल्या आणि सुकुरवाडीतल्या एस.टी. स्थानकांवर कोकण गोळा होऊ लागते. मालाडहून, कांदिवलीहून, दहिसरहून रिक्षा येतात आणि त्यांच्या पोटातून माणसे कमी व सामान जास्त बाहेर पडते. दोरीने आवळलेला टेबलफॅन, रव्या-साखरेच्या पिशव्या, भावाच्या मुलाची तीनचाकी सायकल, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कागदात गुंडाळलेला, कोणाचाही धक्का लागू नये म्हणून छातीशी धरलेला आकाशकंदील. राजापूर, देवगड, मालवण, गुहागर अशा पाट्या लावलेल्या गाड्या एकेक करून फलाटाला लागतात. सोडायला आलेली मंडळी खिडकीखाली उभी असतात आणि दहापैकी नऊजण एकच प्रश्न विचारतात, "झोप लागेल ना गं गाडीत?"

प्रश्न मायेचा असला तरी मोठा अवघड आहे. दहा-अकरा तासांची रात्र, बसायला हातभर रुंदीची जागा, शेजारी अनोळखी बाई, खाली खड्डे आणि वर न विझणारा एखादा हट्टी दिवा! पण मी गेली काही वर्षे दर महिन्या-दोन महिन्यांनी या गाडीने जाते. राजापूरच्या पुढे खेड्यात माझी आई एकटी राहते. "मुंबईला चल" म्हटले की गाईचे कारण सांगते. गाय गेल्यावर मांजराचे सांगू लागली. तेव्हा शुक्रवारी शेवटचा तास घ्यायचा, घरी येऊन दहीभात खायचा, आणि गाडी गाठायची, असा माझा परिपाठ झाला आहे. सोमवारी सकाळच्या तासाला मुलांपुढे उभे राहायचे असल्याने येताना-जाताना झोप ही मला चैन म्हणून परवडत नाही. ती गरज आहे. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करावा लागला. मास्तरकीचा पेशा असला की माणूस झोपेचासुद्धा अभ्यास करतो, त्याला काय करणार!

तसे पाहिले तर उपनगरातल्या माणसाला गाडीत झोपायला शिकवणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखे आहे. बोरिवलीला खिडकी मिळवलेला गृहस्थ कांदिवली यायच्या आत डोळे मिटतो आणि चर्चगेटला कोणी न उठवता उठतो. मुलुंड-घाटकोपरकडचे लोक तर उभ्या उभ्या, वरच्या कडीला लटकून, डुलकी काढतात. परतीच्या वाटेवर गाडीत साऱ्या स्थानकांची नावे पुकारली जातात. जोगेश्वरीचा माणूस अंधेरीला हलत नाही, आणि 'जोगेश्वरी' म्हटल्याबरोबर पिशवी सावरत दाराकडे सरकतो. यात जादू काही नाही. १९६० साली इअन ऑस्वल्ड नावाच्या ब्रिटिश संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवून पाहिली होती. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूने अधिक दाद दिली. म्हणजे आपण झोपतो तेव्हा आतला पहारेकरी अगदीच घोरत पडलेला नसतो. आपल्या कामाचे तेवढे ऐकत तो बसलेला असतो.

पण लोकलमधली ती झोप अर्ध्या-पाऊण तासाची, वरवरची. रात्रभराच्या गाडीत हाच पहारेकरी आपला वैरी होतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना असे आढळले की अनोळखी जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचे दोन्ही अर्धे सारखे झोपत नाहीत. डावा अर्धा हलका झोपतो आणि बारीकशा परक्या आवाजानेही सावध होतो. परगावी पाहुण्याच्या घरी पहिली रात्र तळमळत का जाते, याचे उत्तर त्यात आहे. मग रातराणीचे तर विचारायलाच नको. तिथे प्रत्येक रात्र ही पहिलीच रात्र. नवी गाडी, नवे शेजारी, आणि दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर नवा गाव!

उलट बाजूनेही विज्ञानाला काही सांगायचे आहे. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या जीनिव्हा विद्यापीठात बारा पुरुषांना दुपारच्या वेळी हळूहळू झुलणाऱ्या पलंगावर निजवून पाहिले. स्थिर पलंगापेक्षा झुलत्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली आणि ती अधिक गाढही होती. आपल्याकडे पाळण्याची दोरी ओढणाऱ्या प्रत्येक आजीला हे ठाऊक होते; फक्त तिने त्याचा निबंध लिहिला नाही. त्या पलंगाचा झोका सुमारे चार सेकंदांना एक असा होता. आपली गाडी पनवेल सोडून लयीत पळू लागली की झोका देते खरी, पण मधूनच तिला आपण पाळणा आहोत याचा विसर पडतो.

तेव्हा पहिली गोष्ट, जागा. गाडीची चाके पुढे आणि मागे असतात. त्यांच्या मधोमध बसणाऱ्याला दोन्हीकडचा धक्का निम्मानिम्मा पोचतो. शेवटचे बाकडे मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, त्यामुळे चाक खड्ड्यातून वर आले की ते बाकडे आपल्या अंगावरची माणसे छपराकडे भिरकावते. मी पाचव्या-सहाव्या रांगेतली जागा धरते. खिडकीकडची मिळाली तर उत्तम, कारण डोके टेकायला एक बाजू पक्की होते आणि बाहेरच्या जागेवरून उठणाऱ्याला वाट द्यावी लागत नाही. मात्र खिडकीची सरकती काच ही एस.टी.तली सर्वांत बोलकी प्रवासी असते. ती रात्रभर खडखडते आणि धक्क्याधक्क्याने आपोआप उघडत जाते. तिच्या खाचेत वर्तमानपत्राची घट्ट घडी खुपसली की ती गप्प बसते. हा उपाय मला कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. एका देवगडच्या मावशींनी शिकवला.

दुसरी गोष्ट, मान. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते. जागेपणी मानेचे स्नायू ते तोलून धरतात. झोप जसजशी खोल जाते तसतसे ते स्नायू सैल पडतात, आणि स्वप्नांच्या अवस्थेत तर जवळजवळ ढिलेच होतात. म्हणून नेमके छान स्वप्न सुरू होते तेव्हा डोके पुढे कोसळते आणि आपण दचकून जागे होतो. हल्ली गळ्यात घालायच्या अर्धगोल उशा मिळतात. लोक ती मानेच्या मागे बसवतात आणि पुढचा भाग मोकळा सोडतात. पण पाठ सरळ असलेल्या आसनात डोके बहुतेक वेळा पुढे किंवा बाजूला पडते. तेव्हा हनुवटीखाली आधार हवा. माझी आई अंगावरच्या शालीची गुंडाळी करून ती गळ्याभोवती पुढून घ्यायला सांगते. शाल थंडीलाही कामी येते, आणि बाजूला ठेवून विसरण्याचा धोका कमी!

तिसरी गोष्ट, पाय. ते रात्रभर लोंबकळत राहिले की सुजतात, कारण पोटऱ्यांचे स्नायू हलले तरच खालचे रक्त वर चढते. पायाखाली पिशवी ठेवून गुडघे थोडे उंच घ्यावेत, आणि जाग येईल तेव्हा घोटे दहा-बारा वेळा वरखाली करावेत. जोडे काढण्यापूर्वी मोजे धुतलेले आहेत ना, एवढा विचार शेजाऱ्याच्या वतीने करावा. जेवण हलके असावे. चहा-कॉफी दुपारनंतर नको. कॉफीतला उत्तेजक भाग निम्मा उतरायलाच पाच-सहा तास लागतात. कानटोपी घ्यावी, ती थंडी अडवते, आवाज अडवते, आणि पुढच्या सीटवरचे गृहस्थ मोबाईलवर ऐकत असलेली नाटकाची गाणीही थोडीफार अडवते.

हे सगळे साधून मी वाशीच्या खाडीपुलापर्यंत झोपेची सिद्धता करते. तोवर झोपण्यात अर्थ नसतो. गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी, मग चेंबूरला मैत्री पार्क, मानखुर्द अशा थांब्यांवर माणसे चढतच असतात, आणि "ही माझी सीट" चा वाद निदान दोनदा व्हायचा असतो. खाडी ओलांडली, पनवेल गेले, वाहकाने शेवटचे तिकीट फाडून आतले दिवे मालवले, की गाडीत एकदम घर झाल्यासारखे वाटते. कोणी पदर डोक्यावरून ओढून घेते, कोणी मुलाला मांडीवर आडवे करते.

बायकांच्या झोपेविषयी इथे दोन शब्द सांगायला हवेत. पुरुष गाडीत झोपतो तेव्हा फक्त झोपतो. बाई झोपते तेव्हा पर्स पोटाशी, पदर नीट, आणि शेजारी कोण याचा अंदाज घेऊन एक डोळा उघडा ठेवून झोपते. ब्राउन विद्यापीठाने जे २०१६ साली शोधले ते आमच्या आया-मावशांना पूर्वीपासून माहीत आहे! २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून रात्रीच्या गाडीत एकट्या बाया मला अधिक दिसतात. परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या, गावच्या जमिनीच्या कामासाठी तलाठ्याकडे निघालेल्या. वाहक त्यांना शक्य तो पुढच्या बाजूला एकीशेजारी एक बसवतो. एकदा शेजारी बाई आली की निम्मी झोप तिथेच येते.

आणि तरी, वाचकहो, इतके सगळे करूनही कधी कधी डोळ्याला डोळा लागत नाही. आणि काही न करताही कधी कधी अशी झोप लागते की कशेडी केव्हा आले आणि केव्हा गेले ते कळत नाही. याचे कारण मी पुष्कळ दिवस आसनात शोधत होते.

आसनाची गोष्ट घ्यायची तर आपण केवढा पल्ला गाठला आहे! १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी निघाली. ती तीस माणसांची बेडफर्ड गाडी, लाकडी सांगाड्याची आणि वर कापडी छप्पर. त्यानंतरच्या लाल गाड्यांत एका बाजूला तिघांचे व दुसऱ्या बाजूला दोघांचे बाकडे असे. तिघांतल्या मधल्याला दोन्ही खांदे उशीला मिळत, पण ते परक्यांचे. दिल्लीत १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांच्यावरून निमआराम गाड्यांना 'एशियाड' हे नाव पडले, आणि मान टेकण्याजोगी उंच पाठ ही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आता तर खाजगी गाड्यांत आडवे पडायला पलंग, पडदा, थंडगार हवा आणि डोक्याशी दिवा असतो. एस.टी.च्या ताफ्यातही शयनगाड्या आल्या.

एकदा सुटीच्या गर्दीत एस.टी.चे आरक्षण न मिळाल्याने मी अशाच एका खाजगी शयनगाडीने निघाले. पलंग मऊ होता. उशी होती, पांघरूण होते. पण गाडी वडखळच्या पुढे अशी सुटली की पडद्याच्या कड्या एकसारख्या वाजू लागल्या. ओव्हरटेक, करकचून ब्रेक, पुन्हा ओव्हरटेक. आडवे पडलेल्या माणसाला बाहेरचे काही दिसत नाही. फक्त अंग आपोआप पुढे घसरते आणि मागे येते, त्यावरून काय चालले आहे ते कळते. मी त्या मऊ पलंगावर रात्रभर सताड जागी होते. समोरच्या पलंगावरच्या आजींनी जपमाळ काढली होती. नंतर २०२३ च्या १ जुलैला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी गाडी उलटून पेटली आणि पंचवीस माणसे मध्यरात्री झोपेतच दगावली, ती बातमी वाचताना मला त्या कड्यांचा आवाज आठवला.

तेव्हा मला कळू लागले की गाडीतली झोप ही उशीवर अवलंबून नसते. आपल्या आतला जो पहारेकरी रात्रभर जागतो, त्याला कोणीतरी "जा बाबा, तू झोप, मी आहे," असे सांगावे लागते. ते सांगणारा माणूस गाडीत पुढे उजव्या हाताला बसलेला असतो. त्याचा हात स्थिर असला, वळणावर गाडी ओढली न जाता वळली, खड्डा दिसल्यावर आधी वेग उतरला आणि मग चाक उतरले, की आपले अंग ते सारे वाचते, आणि मेंदूचा तो जागता अर्धा हळूच पापणी मिटतो. पुढे खड्डे असले तरी चालतात. खड्ड्यांनी झोप मोडते. अविश्वासाने ती येतच नाही.

या विश्वासाची किंमत आमच्या या रस्त्याने एका रात्री फार मोठी मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आला होता आणि तिच्यावरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एस.टी. गाड्या त्यात गेल्या, आणि आणखी वाहनेही. त्या दोन गाड्यांतली एक जयगडहून मुंबईला येणारी, दुसरी राजापूर–बोरिवली. ज्या पाटीची गाडी मी इतक्यांदा पकडली होती तीच. वेळ रात्री साडेअकराच्या सुमाराची. राजापूरहून संध्याकाळी निघालेल्या माणसांना पहिली झोप लागण्याची. बोरिवलीच्या फलाटावर दुसऱ्या दिवशी सकाळी जी माणसे आपल्या माणसांना घ्यायला आली असतील, त्यांचा विचार आजही मनातून जात नाही. त्या चालक-वाहकांनी काही चुकवले नव्हते. पुढे पूल आहे असे समजून ते निघाले होते. प्रवासी चालकावर विसंबले होते आणि चालक पुलावर. विश्वासाची ही साखळी किती लांब असते, आणि तिची एखादी कडी आपल्याला न दिसणाऱ्या कुठल्या खात्याच्या कपाटात, पुलाच्या तपासणीच्या कागदात, अडकवलेली असते, हे त्या रात्रीने दाखवले.

सावित्रीवर नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. मधल्या काळात वाहतूक शेजारच्या दुसऱ्या पुलावरून चाले. त्या पावसाळ्यात मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा महाड जवळ आले की गाडीतले कुजबुजणे आपोआप थांबे. कोणी सांगितलेले नसे, पण सगळी गाडी जागी असे. पूल ओलांडला की कोणीतरी हात जोडी, कोणीतरी नाक ओढी, आणि पाच मिनिटांत सारे झोपत. मला तर त्या पुढच्या झोपेचे नवल वाटे. माणूस पुन्हा विश्वास टाकतो. दुसरा इलाज नसतो म्हणून असेल, किंवा त्याशिवाय जगताच येत नाही म्हणून असेल.

गेल्या वर्षी माणगावच्या अलीकडे एका धाब्यावर गाडी थांबली होती. रात्रीचा एक वाजून गेला होता. सगळे चहाकडे धावले. चालक मात्र नळावर गेला, डोळ्यांवर पाणी मारले आणि गाडीभोवती फिरून चाकांवर पायाने ठोकून पाहू लागला. पन्नाशीचा गृहस्थ, टोपी काढली की कपाळावर टोपीची रेघ. मी विचारले,

"दादा, चहा नाही घेत?"

"नको ताई. चहानं झोप जाते ती तासाभराची. मग मागून दुप्पट होऊन येते."

"मग जाते कशानं?"

"झोपल्यानं!" तो हसला. "दुपारी दोन ते सहा झोपून आलोय. आमची नालासोपाऱ्याला एक खोली. बायको त्या वेळात कुकर लावत नाही. पोराला खाली पिटाळते. दाराची बेलसुद्धा काढून ठेवते, कुरिअरवाला येतो म्हणून."

"आणि उद्या?"

"चिपळूणला उतरायचं, तिथं झोपायचं, रात्री परत गाडी घ्यायची. पुढं तुम्हाला दुसरा चालक नेईल. दिवसा झोपायचं म्हणजे जगाच्या विरुद्ध झोपायचं बघा. सगळं जग उठवायला टपलेलं असतं."

एवढे बोलून तो वर चढला. वाहकाने माणसे मोजली. मी शाल गळ्याभोवती गुंडाळली आणि महाडसुद्धा मला कळले नाही. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा किंचित जाग आली. दुसरा, तरुण चालक चढला. त्याने आरसा आपल्या उंचीला लावून घेतला, चाकाला हात लावून तो कपाळाशी नेला, आणि गाडी सुरू केली. माझी झोप एका हातातून दुसऱ्या हातात गेली. पुन्हा डोळे मिटताना मनात आले, की आपल्याला आज ही झोप मिळावी म्हणून नालासोपाऱ्यात एका बाईने दाराची घंटी काढून ठेवली होती.

कायद्यालाही हे कळते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये निदान अर्धा तास विसावा हवा, असेही सांगितले. युरोपातला नियम साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबायला लावतो. माणसाच्या शरीराचे घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सर्वांत मंद होते. त्या वेळी रस्ता पाहणारे डोळे उघडे असूनही क्षणभर झोपू शकतात. त्यावर पंखा, गाणे, तंबाखू हे काही उपाय नव्हेत. आधी झालेली झोप हाच उपाय. पण कायद्यात तास मोजता येतात. त्या तासांत झोप लागली की नाही हे मोजता येत नाही. बारा तासांची सुटी मिळाली आणि तिच्यातले चार तास गर्दीच्या लोकलमध्ये व दोन तास पाण्याच्या रांगेत गेले, तर कागदावर विश्रांती पुरी झालेली असते.

आपण तिकीट घेताना काय पाहतो? गाडी थंड आहे का, आसन मागे झुकते का, किती वाजता पोचवते. चालक किती वाजता झोपून उठला, हे विचारण्याची खिडकी कुठे नसते. ते विचारणे सभ्यपणाचे दिसणारही नाही. मात्र काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अमुक गाडी दोन तास आधी पोचवते, ही जाहिरात वाचून आनंद मानण्याऐवजी ते दोन तास कुठून आले याचा विचार करता येतो. मागून "जरा दाबा की हो, ड्रायव्हरसाहेब" असे ओरडणाऱ्या गृहस्थाला दोन शब्द सुनावता येतात. वाटेत गाडी अर्धा तास थांबली तर घड्याळ न पाहता पाय मोकळे करता येतात. आणि आपल्या इमारतीत तळमजल्यावर एखादा रात्रपाळीचा माणूस राहत असला, तर दुपारी जिन्यात खेळणाऱ्या आपल्या मुलांना गच्चीवर पाठवता येते. तो एस.टी.चा नसेल, इस्पितळातला असेल, वीज मंडळातला असेल, लोकलचा मोटरमन असेल. त्याच्या दुपारच्या झोपेवर रात्री कोणाची तरी भिस्त आहे.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कोजागरी येते. त्या रात्री लक्ष्मी घरोघर "कोण जागे आहे" असे विचारत फिरते आणि जागणाऱ्याच्या घरी उतरते, अशी आपली समजूत. आपण गच्चीवर मसाल्याचे दूध पिऊन बारा वाजता झोपतो. मला वाटते, देवीला खरोखर उत्तर हवे असेल तर तिने पळस्पे फाट्यावर उभे राहावे. एकामागून एक दिवे येतील, आणि प्रत्येक दिव्यामागे एक माणूस "मी जागा आहे" म्हणून जाईल. त्याच्या पाठीशी पन्नास जण माना टाकून निजलेले असतील, म्हणून तर तो जागा.

यंदाच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण गावी निघतील. झोप छान लागो! शाल विसरू नका, काचेला कागदाची घडी लावा, पाचवी रांग धरा. आणि सकाळी उतरताना पुढच्या दाराकडे जरा पाहा. बहुतेक लोक सामानाच्या गडबडीत असतात. पण माझी आई उतरते तेव्हा चालकाला "बरा आणलास रे बाबा" असे म्हटल्याशिवाय पायरी सोडत नाही. पंचाहत्तरीनंतर तिला तिकीट पडत नाही, म्हणून ती हे म्हणत असेल असे मला आधी वाटे. पण ती पूर्वीही म्हणत असे.

आमच्या गावात वस्तीची गाडी येते, ती रात्री मुक्कामाला राहून पहाटे निघते. हल्ली मात्र सणासुदीला मुंबईची एखादी जादा गाडीही सकाळी गावापर्यंत येते आणि दिवसभर देवळासमोरच्या वडाखाली उभी असते. दुपारी बारा वाजता तिच्याकडे पाहिले तर सगळ्या खिडक्या उघड्या आणि मागच्या लांब बाकड्यावर चालक आडवा, तोंडावर टॉवेल. वाहक मधल्या वाटेत चादर टाकून पडलेला. पोरे नव्या फटाक्यांची पुडी घेऊन वडाकडे धावतात, आणि देवळाच्या पायरीवर बसलेला म्हातारा काठी उगारून त्यांना दबक्या आवाजात दटावतो,

"तिकडे मागे जावा रे. ड्रायव्हर निजलाय."